नाकातून रक्त आलं म्हणून गोळी बंद करायची का?

गेल्या अंकात हृदयाच्या अनियमित ठोक्यांबद्दल लिहिलं आणि त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोळीविषयी निघाली. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ती, बोलताना सगळे जिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात ती. जवळजवळ प्रत्येक पत्रात रक्तस्रावाची भीती आहे, पक्षाघाताची भीती मात्र फार थोड्या पत्रांत आहे. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला देते आहे.

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, बीपी आणि मधुमेह दोन्ही आहेत. दोन वर्षांपूर्वी कार्डिओग्राममध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, निघालं आणि रक्त पातळ करायची गोळी, अपिक्झाबान ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा सुरू झाली. मागच्या महिन्यात पहाटे त्यांच्या नाकातून रक्त आलं. उशीचा अभ्रा भिजला, आम्ही सगळे घाबरलो. वीसेक मिनिटांत रक्त थांबलं, पण त्या दिवसापासून बाबांनी गोळी सोडली. 'मला छातीत काही होत नाही, मग कशाला घेऊ?' असं म्हणतात. भावाने ओळखीतल्या एका डॉक्टरांना विचारून त्याऐवजी ॲस्पिरिन ७५ सुरू केली, ती सौम्य असते म्हणून. बाबांचा तोलही जातो, दोनदा पडले आहेत. आमचं बरोबर चाललंय का?

उत्तर : नाही. उरलेलं उत्तर नंतर वाचा, आधी बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. गोळी बंद आहे हे त्यांना ठाऊक असेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही, आणि बाबा सध्या कुठल्याही खऱ्या संरक्षणाशिवाय आहेत.

बाबांच्या भीतीला मी मुळीच कमी लेखत नाही. पहाटे जाग यावी आणि उशी रक्ताने भिजलेली दिसावी, यात कुणीही हादरेल. अडचण अशी, की ज्या संकटासाठी ही गोळी दिली आहे ते आधी काहीच दाखवत नाही. या आजारात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदं, नीट आकुंचन पावत नाहीत, नुसती थरथरत राहतात. डाव्या अलिंदाला एक छोटी, एकाच बाजूने उघडी असलेली पिशवी असते. कप्पा जोराने दाबला जात नसला की त्या पिशवीतलं रक्त पुढे सरकत नाही, तिथेच घुटमळतं. घशातून नळी घालून केलेल्या इकोमध्ये हे मी अनेकदा पाहिलं आहे. पडद्यावर त्या पिशवीत धुरासारखं काहीतरी मंद वळणं घेत असतं, आम्ही डॉक्टर त्याला 'स्मोक'च म्हणतो. ते साकळत चाललेलं रक्त. त्याच वेळी टेबलावर पडलेल्या माणसाला छातीत काही होत असतं का? बहुतेकांना काहीच होत नसतं. झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांत गुठळी सापडते तेव्हा दहापैकी नऊ वेळा ती याच पिशवीत असते. तिथून सुटली की पुढच्या काही ठोक्यांत मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन बसते. अशी गुठळी बऱ्याचदा मोठी असते, म्हणून होणारा पक्षाघातही मोठा असतो.

धोका मोजायला आम्ही चॅड्स-व्हॅस्क नावाचं गुणांकन वापरतो. पंचाहत्तरी ओलांडली म्हणून बाबांचे दोन गुण, बीपीचा एक, मधुमेहाचा एक. झाले चार. गोळी न घेणाऱ्या अशा शंभर माणसांपैकी दर वर्षी साधारण चार-पाच जणांना पक्षाघात होतो. एका वर्षाचा आकडा लहान वाटेल, पण पुढच्या वर्षी तो पुन्हा लागू होतो, त्याच्या पुढच्या वर्षीही. वॉर्फरिन या जुन्या रक्त पातळ करायच्या गोळीने हा धोका जवळपास दोन तृतीयांशाने कमी होतो. बाबांची अपिक्झाबान त्या बाबतीत वॉर्फरिनपेक्षा सरस ठरली आहे, आणि डोक्यात रक्तस्राव होण्याचं प्रमाण तिच्यामुळे वॉर्फरिनच्या निम्म्याहून खाली आलं.

आता ॲस्पिरिन. हा गैरसमज डॉक्टरांमध्येही खोल रुजलेला आहे, म्हणून जरा थांबून सांगते. वॉर्फरिन देता येणार नाही असं ज्यांच्याबद्दल ठरलं होतं, अशा साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांवर ॲव्हेरोज नावाचा अभ्यास झाला, निष्कर्ष २०११ मध्ये आले. निम्म्यांना ॲस्पिरिन, निम्म्यांना अपिक्झाबान. अपिक्झाबानच्या गटात पक्षाघात निम्म्याहून कमी झाले. आणि गंभीर रक्तस्राव? दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. त्याआधी २००७ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या लोकांमध्ये वॉर्फरिन आणि ॲस्पिरिनची तुलना झाली होती, तिथेही हेच चित्र होतं. म्हणजे तुमच्या भावाने रक्तस्रावाचा धोका बराचसा तसाच ठेवला आणि संरक्षण तेवढं काढून घेतलं. भावाचा हेतू चांगला आहे, त्याला दोष देऊ नका, पण ॲस्पिरिनबद्दल त्याच फोनवर विचारा. बाबांच्या हृदयात स्टेंट असेल तर ॲस्पिरिनचा निर्णय वेगळ्या कारणाने होईल. नसेल तर ती बहुधा लगेच थांबवायला सांगतील.

पडण्याबद्दल. १९९९ मध्ये काही संशोधकांनी एक गणित मांडलं होतं. वॉर्फरिन घेणारा वयस्कर माणूस वर्षातून जवळजवळ ३०० वेळा पडला, तरच डोक्यातल्या रक्तस्रावाची भीती गोळीच्या फायद्याहून मोठी ठरेल. हे सरासरीचं गणित आहे, प्रत्येकाला जसंच्या तसं लागू होत नाही. पण दोनदा पडले म्हणून गोळी बंद करायची नसते, ते का पडतात ते शोधायचं असतं. उठताना बीपी खाली येतं का? रात्री लघवीला जाताना अंधार असतो का? झोपेची गोळी चालू आहे का? चष्म्याचा नंबर बदललाय का? मात्र डोक्याला मार लागला, तर बाहेरून काहीच दिसत नसलं आणि बाबा 'मी ठीक आहे' म्हणत असले, तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं. यात तडजोड नाही.

नाकाचं काय करायचं तेही सांगते, कारण ते थांबवता आलं तर भीती निम्मी ओसरेल. पुन्हा रक्त आलं तर आडवं करायचं नाही, मान मागे टाकायची नाही. बसवून थोडं पुढे वाकवायचं आणि नाकाचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, चिमटीत घट्ट धरायचा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मध्येच सोडून 'थांबलं का' बघायचं नाही, बहुतेक जण तिथेच चुकतात. तरीही थांबलं नाही तर रुग्णालय. एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पुष्कळदा नाकाच्या पडद्यावर पुढेच एखादी नाजूक शीर असते, ती बाह्यरुग्ण विभागातच जाळून बंद करता येते. त्या पहाटे बीपी किती होतं ते कुणी मोजलं का? वाढलेलं बीपी रक्तस्राव आणि पक्षाघात दोन्हींना आमंत्रण देतं, आणि ते आटोक्यात आणणं आपल्या हातात आहे. हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ती रक्ततपासणी) तपासून घ्या.

शेवटचं, 'मग निम्मी गोळी देऊ का?' हा प्रश्न तुमच्या मनात येणार, म्हणून आधीच सांगते. अपिक्झाबान अडीच मिलिग्रॅमवर आणायचे नियम ठरलेले आहेत. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. तीनपैकी दोन गोष्टी असतील तर डोस कमी होतो. भीती वाटते हे त्या यादीत नाही. अर्धवट डोसने रक्तस्राव टळेल याची खात्री नसते, संरक्षण मात्र कमी पडतं. हे उत्तर बाबांना वाचून दाखवा, आणि डॉक्टरांकडे जाताना त्यांनाच बोलू द्या. त्यांच्या उशीवरचं रक्त त्यांनी स्वतः सांगायला हवं, आणि समोरच्याने ते ऐकून घ्यायला हवं.

प्रश्न : मी ६६ वर्षांची आहे, बीपीची एक गोळी चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी अचानक छाती धडधडू लागली. रुग्णालयात कार्डिओग्राममध्ये एट्रियल फिब्रिलेशन दिसलं, सहा तासांत ठोके आपोआप नीट झाले. आता सगळं सुरळीत आहे. तरी आयुष्यभर गोळी घ्यायची?

उत्तर : ठोके येऊन-जाऊन बिघडत असले तरी गोळी द्यायची की नाही हे झटका किती वेळ टिकला यावर नव्हे, तर वय आणि सोबतच्या आजारांवर ठरतं. तुमचे वयाचा एक आणि बीपीचा एक असे दोन गुण होतात. स्त्री असल्याचा एक गुण पूर्वी धरत, युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो काढून टाकला. तो न धरताही तुम्ही गोळीचा फायदा स्पष्ट असलेल्या गटात येता. पासष्टीच्या आतली, दुसरा कुठलाही आजार नसलेली व्यक्ती असती तर माझं उत्तर वेगळं असतं.

'आयुष्यभर' हा शब्द बाजूला ठेवा. आज सुरू करा आणि दर वर्षी डॉक्टरांबरोबर बसून पुन्हा बघा. आणखी एक, थायरॉइड तपासलंय का? जास्त काम करणारी थायरॉइड हे या झटक्याचं नेहमीचं आणि हमखास हुकणारं कारण आहे.

प्रश्न : वय ५२. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला, त्यामुळे मायट्रल झडप बरीच अरुंद झाली आहे आणि ठोकेही अनियमित आहेत. अनेक वर्षं ॲसिनोकुमारॉल, वॉर्फरिनसारखीच जुनी गोळी, घेते. दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, कधी १.६, कधी ३.८. सुया टोचून घेऊन कंटाळले. मैत्रिणीच्या नव्या गोळीला तपासणीच लागत नाही. मला ती का देत नाहीत?

उत्तर : तुमचा कंटाळा मला पुरेपूर समजतो. पण तुमचे डॉक्टर जुनाट विचारांचे म्हणून अडून बसलेले नाहीत. तुमच्यासारख्याच, संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन ठोके बिघडलेल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा इन्व्हिक्टस हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रिव्हारोक्झाबान ही नवी गोळी जुन्या गोळ्यांच्या तोडीस तोड ठरेल अशी अपेक्षा होती. झालं उलट. जुन्या गोळ्या घेणाऱ्यांत पक्षाघात कमी झाले आणि मृत्यूही कमी झाले. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांचीही हीच गोष्ट. डबिगाट्रान या आणखी एका नव्या गोळीचा त्यांच्यातला अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावा लागला, त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. अरुंद मायट्रल झडप आणि धातूची झडप, या दोन्हींत आजही जुनीच गोळी.

म्हणून प्रश्न असा घेऊ, की तुमचा आयएनआर २ ते ३ च्या मध्ये टिकत का नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंची वही मी नव्या रुग्णांना दाखवते, त्यांच्या परवानगीने. पानावर चार रकाने आहेत. तारीख, आयएनआर, आठवड्याचा एकूण डोस आणि चौथा 'काय बदललं'. त्या चौथ्या रकान्यात त्या लिहितात : 'दात दुखला, मेट्रोनिडाझोल पाच दिवस'. त्याच ओळीत आयएनआर ४.४. पुढे एकदा : 'ताप, आठवडाभर जेवण नाही'. पुन्हा वर. आणखी एकदा : 'प्रवास, दोन डोस राहिले', आयएनआर १.५. त्या वहीमुळे आम्ही दोघी डोस कमी-जास्त करायची घाई करत नाही, आधी कारण बघतो. दोन महिने असा रकाना भरून पाहा. तुमच्या ३.८ ला बहुतेक वेळा नाव मिळेल.

पालेभाज्या वर्ज्य करायला कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. व्हिटॅमिन के त्यांत असतं आणि ही गोळी त्याच्याच विरोधात काम करते, हे खरं. पण डोस तुमच्या आहाराप्रमाणे बसवता येतो, आहार दर आठवड्याला पालटला तर मात्र बसत नाही. रोज साधारण तेवढंच खा, भरपूर खा. नवीन औषध कुठलंही असो, अँटिबायोटिक, बुरशीचं, फिटचं, टीबीचं, अगदी जडीबुटीचं चूर्णसुद्धा, सुरू करताना आणि बंद करताना विचारा, आणि आठवडाभरात आयएनआर करून घ्या. बोटातून थेंबभर रक्त घेऊन करायचं यंत्र उपलब्ध असेल तर सुईचा त्रासही वाचेल.

याच्या अगदी उलट प्रश्न एका सूनबाईंनी विचारला आहे. सासूबाई ८३ वर्षांच्या, अशक्त, झडपा ठीक, वॉर्फरिनवर आयएनआर कित्येक महिने नीट चाललेला, आणि एक नातेवाईक 'नवी गोळी द्या' म्हणून मागे लागलेत. बदलू नका. अशाच नाजूक तब्येतीच्या वृद्धांची नीट बसलेली जुनी गोळी बदलून पाहिली गेली, २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बदललेल्यांत रक्तस्राव वाढला, पक्षाघात काही कमी झाले नाहीत.

प्रश्न : वय ७१, रिव्हारोक्झाबान २० मिलिग्रॅम चालू आहे. गुडघे फार दुखतात. पूर्वी डायक्लोफिनॅक घेत होतो, आता चालेल का? पुढच्या आठवड्यात एक दाढ काढायची आहे, दंतवैद्य म्हणतात गोळी आठ दिवस बंद करून या.

उत्तर : डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, यांतलं काहीही पोटात घेऊ नका. जठराला ओरखडे पाडणारं औषध आणि गुठळी होऊ न देणारं औषध एकत्र आलं की रक्तस्राव तिथेच होतो. शिवाय ही वेदनाशामकं मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि तुमच्या गोळीचा बराच भाग मूत्रपिंडावाटेच बाहेर जातो. ठरल्या मापात पॅरासिटामॉल चालेल. व्यायामाने मांडीचे स्नायू बळकट करणं हा गुडघ्याचा खरा इलाज आहे, त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जा.

आठ दिवस मात्र अजिबात नाही. ही गोळी एका दिवसात बऱ्यापैकी उतरते, म्हणून आठ दिवस बंद म्हणजे आठवडाभर तुम्ही उघड्यावर. एखादी दाढ काढायला ती बहुधा बंद करावीच लागत नाही, फार तर त्या दिवशीचा डोस पुढे ढकलतात. सकाळची वेळ घ्या, बोळा घट्ट दाबून धरा, टाका घालायला सांगा. दंतवैद्य आणि तुमचे डॉक्टर यांचं फोनवर बोलणं करून द्या. मोठ्या शस्त्रक्रियेलाही या नव्या गोळ्या साधारणपणे एक-दोन दिवस आधी थांबवतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर थोडं अधिक. आणि 'बंद करा' असं कुणी म्हणालं की त्याच क्षणी विचारा, 'पुन्हा सुरू कधी?' तारीख आणि वेळ कागदावर लिहून घ्या. ऑपरेशन व्यवस्थित झालं, टाके निघाले, सगळे घरी आले आणि गोळी सुरू करायचं कुणीच सांगितलं नाही, अशा रिकाम्या दिवसांत झालेला पक्षाघात मी पाहिला आहे. त्याची हळहळ फार वेगळी असते.

तुमची गोळी जेवणाबरोबरच घ्या, उपाशीपोटी ती पुरेशी शोषली जात नाही. हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं आणि पुष्कळांना माहीत नसतं.

प्रश्न : डोस विसरला तर काय करायचं?

उत्तर : दिवसातून एकदाची गोळी असेल तर बारा तासांच्या आत आठवल्यास घ्या. दोनदाची असेल तर सहा तासांच्या आत. त्यापुढे तो डोस सोडून द्या आणि पुढचा वेळेवर घ्या. दोन एकदम कधीच नाही. डबिगाट्रानची कॅप्सूल उघडून पाण्यात घालू नका, आणि आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नका. तिला दमटपणा सोसत नाही, घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढा.

प्रश्न : माझे पती गोळी अगदी नियमित घेतात. तरीही पक्षाघात झालाच तर मला कसं कळेल? आणि आतल्या आत रक्तस्राव होत असेल तर?

उत्तर : गोळीने धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही, म्हणून हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवं. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का बघा. दोन्ही हात पुढे धरायला सांगा, एक खाली घसरतो का बघा. एखादं वाक्य म्हणायला लावा, जीभ अडखळते का, भलतेच शब्द येतात का बघा. यांतलं एक जरी अचानक झालं तरी लगेच रुग्णवाहिका. 'थोडं झोपू दे, उतरेल' म्हणत थांबू नका. दहा मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरीही जायचंच. तोंडात ॲस्पिरिन, पाणी, काहीही घालू नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

रक्तस्रावाच्या खुणा : डांबरासारखी काळी, चिकट शौच, लाल लघवी, उलटीतून रक्त, अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, चालताना धाप आणि चेहरा पांढरा पडणं. यांना थांबायचं नाही. दात घासताना हिरडीतून थोडं रक्त, हातावर लहानसा काळानिळा डाग, हे पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं. त्यासाठी गोळी सोडायची नाही.

रुग्णालयात पहिला प्रश्न विचारतील तो म्हणजे शेवटचा डोस किती वाजता घेतला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पक्षाघात सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात, पण अंगात ही गोळी असेल तर ते द्यायचं की नाही हे त्या उत्तरावर ठरतं. ते देता आलं नाही तरी मोठी गुठळी तारेने ओढून काढण्याचा मार्ग काही रुग्णांत उरतो, म्हणून गोळी चालू आहे हे लपवू नका. डबिगाट्रानचा परिणाम उलटवणारं इंजेक्शनही आता आहे, पण नाव कळलं तरच ते देता येईल. गोळीचं नाव, ताकद आणि रोजची वेळ एका कागदावर लिहा, एक प्रत त्यांच्या पाकिटात आणि एक तुमच्या. रोज रात्री डोस झाला की कॅलेंडरवर वेळ टाका.